चतकोर भाकरीचे गणित

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला ‘प्राथमिक शाळेतील मुलांचा घरचा अभ्यास’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही नाही म्हटले. आम्ही शिक्षक नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आम्ही. सकाळी दहापासून दुसऱ्यांच्या पैशांचा हिशोब करायचा आणि संध्याकाळी घरी यायचे, हा आमचा दिनक्रम. परंतु कार्यकर्त्यांनी आग्रह धरला की, तुमच्या घरी जे घडले तेच सांगा. म्हणून ज्याची आम्हाला लाज वाटते आणि ज्याचा आम्हाला अभिमानही वाटतो, अशी एक घरगुती गोष्ट आज आपल्यापुढे ठेवतो.

आमची मुलगी तेव्हा चौथीत होती. शिकवणीला जात होती, महिन्याच्या महिन्याला फी भरली जात होती. एके दिवशी तिच्या वहीत आम्ही पाहिले तर १/२ आणि १/४ यांपैकी मोठा अपूर्णांक कोणता, याचे उत्तर तिने १/४ असे लिहिले होते. विचारले तर म्हणाली, “दोनापेक्षा चार मोठे, म्हणून.” आम्ही समजावले. पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर. दिवसभर काउंटरवर लोकांशी गोड बोलून आलेले आम्ही, घरात मात्र आमचा आवाज चढला आणि बंधूंनो, खोटे कशाला बोलायचे, आमचा हातही उठला.

आमची आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. ती शाळेची पायरी चढलेली नाही. घरी कोणी शिकलेले माणूस आले की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. त्या दिवशी मात्र ती बाहेर आली आणि म्हणाली, “मारून गणित येत असतं तर आमच्या वक्ताला समदीच मास्तर झाली असती.” तिने नातीला चुलीपाशी म्हणजे आमच्या गॅसच्या शेगडीपाशी नेले. एक भाकरी मधोमध मोडली. त्यातली अर्धी पुन्हा मोडली. “ही अर्धी, हा चतकोर. भूक लागल्यावर तुला कुठली पायजे?” मुलगी रडत रडत म्हणाली, “अर्धी.” “मग मोठं कुठलं?”

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग जे बोलली ते आम्ही आजही विसरलेलो नाही. ती म्हणाली, “आजी, खाली लिहिलेला आकडा म्हणजे जेवायला बसलेली माणसं. माणसं वाढली की वाटा लहान होतो.”

बंधू-भगिनींनो, शिकवणीत जे कळले नाही आणि आमच्या हातून जे बिघडले, ते एका भाकरीने केले. त्या रात्री आम्ही आईला विचारले, हे तुला कोणी शिकवले? ती म्हणाली, पोटाने. गावी मजुरी धान्यात मिळत असे. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे तिला पाठ. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट. म्हणजे पाव, अर्धा, एक, दोन, चार. हे सगळे गणित तिच्या हातात होते. तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मालक स्वतः धान्य घेताना शीग लावून माप घ्यायचा आणि मजुरी देताना त्याच मापावरून हात फिरवून सपाट माप द्यायचा. आईला फरक दिसत होता, परंतु किती फरक पडला हे आकड्यात मांडता येत नव्हते, म्हणून बोलता येत नव्हते. गणित कशासाठी शिकायचे, याचे याहून चांगले उत्तर आम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.

स्वयंपाकघरातून शिक्षण ही कल्पना आमच्या घरात जन्मली असे मात्र समजू नका. अमेरिकेत जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने १८९६ साली शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा सुरू केली. तेथे लहान मुले धान्य मोजून घेत, स्वयंपाक करीत आणि त्यातूनच गणित व विज्ञान शिकत. हेच ड्यूई पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथे १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते, हे आपणास ठाऊकच आहे. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने केली. महागडी खेळणी त्यांच्याजवळ नव्हती आणि त्यांचे काम अडलेही नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. आम्ही हे सर्व घरी करून पाहिले आहे.

पहिली-दुसरीच्या मुलांना पानावर बसण्यापूर्वी काम द्या. घरात माणसे पाच, प्रत्येकाला तीन पोळ्या, तर किती लाटायच्या? तिचा पाढा तेथेच पाठ होतो. मूठभर शेंगदाणे द्या आणि पाच जणांत सारखे वाटायला सांगा. सदतीस शेंगदाणे असले तर प्रत्येकी सात येतात आणि दोन उरतात. ही झाली बाकी. आमच्या घरी बाकी आजीच्या वाट्याला जाते, त्यामुळे आजी नेहमी बाकी उरावी अशी इच्छा धरते!

तिसरी-चौथीच्या मुलांना वजन-मापे द्या. पावशेर हा शब्द मुले ऐकतात, परंतु पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम हे त्यांना हाताने कळले पाहिजे. आपल्या मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुंदर शब्द आहेत. बाजारात ते बोलत राहा. दुकानात दोन पुडे समोर ठेवा. ५० ग्रॅमचा पुडा १० रुपयांना आणि २५० ग्रॅमचा ४० रुपयांना, तर स्वस्त कोणता? लहान पुड्यात रुपयाला ५ ग्रॅम येतात, मोठ्यात सव्वासहा ग्रॅम. मात्र घरात लागत नसेल तर स्वस्त पुडासुद्धा महागच, हेही सांगा.

येथे बँकेचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. २५ पैशांचे म्हणजे चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. आता तर दुकानात मोबाईल दाखवला की पैसे जातात. मुलाच्या हातात नाणे येत नाही, सुटे पैसे मोजून परत आणण्याची वेळ येत नाही. आम्ही मोबाईलच्या विरोधात नाही. परंतु आठवड्यातून एकदा तरी मुलाला शंभराची नोट देऊन भाजी आणायला पाठवा आणि आल्यावर हिशोब लिहून घ्या.

रेशनच्या दुकानातून धान्य आणतो, तेही मोजायला लावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. पाच माणसांचे २५ किलो झाले की नाही, हे चौथीच्या मुलाने पावती पाहून सांगितले पाहिजे. शाळेच्या दुपारच्या भोजनात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोजचे १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. वर्गात चाळीस मुले हजर असतील तर किती किलो तांदूळ शिजला पाहिजे? हे उदाहरण आमच्या मुलाने तोंडी सोडवले. आजीचा नातू आता शीग आणि सपाट यांतला फरक आकड्यात सांगू शकतो.

विज्ञानाचे म्हणाल तर स्वयंपाकघर ही प्रयोगशाळाच आहे. मटकीचे थोडे थोडे दाणे तीन वाट्यांत ठेवा. एक वाटी कोरडी, एकीत ओल्या फडक्यात बांधलेले दाणे, एकीत पाण्यात पूर्ण बुडालेले. रोज पाहून वहीत लिहायचे. मोड कोठे चांगले आले आणि का? बीजाला पाणी हवे तशी हवाही हवी, हे मूल स्वतः सांगते. कोमट दुधाच्या दोन वाट्या घ्या, एकीत विरजण घाला, दुसरीत नको. हळदीचा डाग पडलेल्या फडक्याला साबण लावा, डाग लाल होतो. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होतो. आंबट पदार्थ आणि साबण हे परस्परविरुद्ध गुणांचे आहेत, याचा हा धडा. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? झाकणामुळे वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांच्या वर म्हणजे सुमारे १२० अंशांपर्यंत तापते.

भूगोलासाठी ताटाकडे पाहा. ज्वारी सोलापूरकडची, तांदूळ कोकणातला किंवा भंडारा-गोंदियाकडचा, हळद सांगलीची, कांदा लासलगावचा, केळे जळगावचे. भिंतीवर नकाशा लावा आणि जेवणानंतर एकेक ठिकाण शोधायला सांगा. इतिहासही ताटातच आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा हे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज समुद्रमार्गाने आले, त्यानंतर हे पदार्थ आपल्याकडे रुजले. बटाटा आणि खायचा पाव हे शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आले. हे ऐकून आमच्या मुलाने विचारले, “मग त्याआधी लोक तिखट कशाने करत होते?” मिऱ्याने, हे उत्तर आम्हालाही शोधून काढावे लागले. मुलाने असा प्रश्न विचारला की तो दिवस सार्थकी लागला असे समजावे.

भाषेच्या अभ्यासासाठी मुलांना घरातील पदार्थांची कृती लिहायला सांगा. आणि येथेच आम्हाला दुसरा धडा मिळाला. मुलीला शाळेतून ‘आमच्या घरचे जेवण’ यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितले होते. तिने लिहिले, ‘काल आमच्या घरी श्रीखंड-पुरी होती.’ आदल्या दिवशी आमच्या घरी बोंबलाची चटणी आणि ज्वारीची भाकरी होती. आम्ही विचारले, खोटे का लिहिलेस? ती म्हणाली, “पुस्तकात बोंबील नसतात. मुली हसतात.”

या वेळी आमचा हात उठला नाही. कारण लहानपणी आम्ही स्वतः शाळेत डबा झाकून खाल्ला होता, हे आम्हाला आठवले. मुलीची आई शांतपणे म्हणाली, “तू बोंबलाच्या चटणीची कृती लिही, आम्ही वाचतो.” आजी सांगत गेली, मुलगी लिहीत गेली. बोंबील आधी भाजायचे, मग कुटायचे, लसूण किती, मीठ बेताने का. दोन पाने भरली. नंतर तांदुळजा, पाथरी, घोळ, चिवळ या रानभाज्यांच्या कृती आल्या. आज त्या वहीत आजीच्या तेहतीस कृती आहेत. एका निरक्षर बाईचे ते पुस्तक आहे आणि ते तिच्या नातीने लिहिले आहे. शुद्धलेखन, विरामचिन्हे, क्रमाने मांडणी, सर्व काही त्यात सुधारले. परंतु त्याहून मोठे म्हणजे पुढच्या वेळी शाळेत तिने खरे लिहिले.

म्हणून पालकांना आमची काही कळकळीची विनंती आहे. पहिली, अन्न वाया जाईल असा कोणताही खेळ करू नका. जे मोजले ते शिजले पाहिजे, जे शिजले ते खाल्ले गेले पाहिजे. ज्यांनी उपास काढले त्यांच्या घरात अन्नाशी खेळ शोभत नाही. दुसरी, हा अभ्यास मुलींच्या माथी मारू नका. मुलालाही पीठ मळू द्या, भांडी घासू द्या. अभ्यासाच्या नावाखाली मुलीला स्वयंपाकाला जुंपणे हे शिक्षण नव्हे. तिसरी, विस्तव, विळी आणि गरम तेल यांच्याजवळ मोठे माणूस हवेच. चौथी, रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मूल भुकेले असेल तर आधी जेवायला वाढा, गणित नंतर. आणि शेवटची, याची परीक्षा करू नका. चुकले तर चुकू द्या. पोळी कमी पडली की चूक आपोआप कळते.

मंडळालाही एक सूचना करतो. सुटीत एक दिवस मुलांचा स्वयंपाक ठेवावा. खरेदी, हिशोब, वाढणे, सर्व मुलांनीच करावे आणि वस्तीतील आजींना त्या दिवशी शिक्षिका म्हणून मानाने बोलवावे.

अनेक माता आम्हाला म्हणतात, “आम्ही शिकलो नाही, पोरांचा अभ्यास काय घेणार?” त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, ज्या हाताला पिठात किती पाणी घालायचे ते कळते, तो हात अडाणी नाही. आपल्याजवळ जे आहे ते मुलांना सांगा आणि मुलांकडून अक्षरे घ्या. आमच्या आईने हा व्यवहार केला. नातीला तिने चतकोर शिकवला आणि नातीकडून ती स्वतःची सही शिकली. मागच्या महिन्यात आमच्याच बँकेत तिने अंगठा न लावता सही केली. सही वाकडी आली, परंतु आम्ही ती दोनदा पाहिली. आज ती या सभागृहात शेवटच्या रांगेत बसली आहे. घरी शिकलेले लोक आले की आत जाऊन बसणारी बाई आज आपल्या सर्वांमध्ये बसली आहे, हेच आमच्या भाषणाचे सार समजावे.



जय भीम!