प्रकाशाला बळ देणारा धातू

(नवी मुंबई येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर. भौतिकशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच सुटला. तरीही आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे, कारण तो आपल्या घरातलाच आहे. वाशी-नेरुळच्या कितीतरी घरांतील मुले आज परदेशी आहेत. रविवारी त्यांचा चेहरा पडद्यावर दिसतो, तो समुद्रतळाशी पसरलेल्या काचेच्या तंतूंतून. महापे, ऐरोलीची डेटा सेंटरही याच तंतूंच्या आधारावर चालतात.

काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यातून धावणारा प्रकाश क्षीण होत जातो. 100 किलोमीटरनंतर त्याचा जेमतेम शंभरावा भाग उरतो. पूर्वी वाटेत ठिकठिकाणी प्रकाशाचे विजेत आणि विजेचे पुन्हा प्रकाशात रूपांतर करावे लागे. 1987 मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातील डेव्हिड पेन आणि बेल प्रयोगशाळेतील एमॅन्युएल देसुर्व्हिर यांच्या गटांनी निराळा मार्ग दाखविला. काचेच्या गाभ्यात एर्बियम या धातूचा अत्यल्प अंश मिसळायचा आणि त्याला छोट्या लेझरने ऊर्जा पुरवायची. ऊर्जा घेतलेले एर्बियमचे कण म्हणजे जणू लेझीम हाती घेऊन सज्ज उभे असलेले पथक. थकलेला संदेश जवळून जाताच ते त्याच ठेक्यात, त्याच पावलात सामील होतात आणि आपली ऊर्जा त्याला देऊन टाकतात. आइन्स्टाइन यांनी 1917 मध्ये मांडलेल्या तत्त्वाचेच हे व्यवहारातील रूप. 1997 मध्ये सुरू झालेली, ब्रिटनहून जपानकडे जाताना मुंबईला जोडणारी ‘फ्लॅग’ केबल याच तंत्रावर उभी राहिली.

आता हा प्रवर्धक चिपवर आला आहे. 2022 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानच्या संशोधकांनी सुमारे अर्धा मीटर लांबीची प्रकाशवाट काही मिलिमीटर जागेत गुंडाळून, प्रकाश हजार पटींनी वाढवून दाखविला.

यात आपण कोठे आहोत? कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने एर्बियममिश्रित तंतू आपल्या देशात तयार केला, हे अभिमानास्पद आहे. 1950 मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी आपल्या किनाऱ्यावरील वाळूतून दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये काढते. परंतु त्या वाळूतील मोनाझाइटमध्ये हलकी मूलद्रव्ये भरपूर, एर्बियमसारखी जड मूलद्रव्ये अगदी थोडी. ती शुद्ध स्वरूपात वेगळी करण्याच्या उद्योगावर चीनची पकड आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये चीनने एर्बियमसह आणखी पाच मूलद्रव्यांवर निर्यातनियंत्रण जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये ते वर्षभरासाठी स्थगित झाले, पण इशारा मिळायचा तो मिळाला. जो देश संदेशाची वाट बांधतो, पण वाटेवरचे तेल दुसऱ्याकडून आणतो, त्याचा दिवा दुसऱ्याच्या मर्जीवर जळतो.

म्हणून येथे बसलेल्या पालकांना माझी एक विनंती आहे. आपण मुलांना संगणकाकडे वळविले, ते योग्यच झाले. परंतु एखाद्या मुलीला रसायनशास्त्राची, एखाद्या मुलाला धातुशास्त्राची ओढ असेल, तर ‘त्यात काय भवितव्य?’ असे म्हणून त्यांना परतवू नका. स्वावलंबन केवळ घोषणांनी येत नाही. खनिजातून एकेक मूलद्रव्य वेगळे करणारे हात ते आणतात. हे काम संथ आणि प्रसिद्धीपासून दूर असते, पण दूरदेशीच्या लेकराचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो, तो अशाच कामामुळे.