बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू

पावसाचे पहिले एक-दोन शिडकावे होऊन गेले कीं एखाद्या संध्याकाळीं घरांतील दिव्याभोंवतीं पंखांच्या किड्यांची झुंबड उडते. आपण दिवा मालवितों, खिडक्या लावून घेतों, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं भिंतीच्या कडेला पडलेला पंखांचा ढीग केराबरोबर निघून जातो. "पावसाचे किडे," एवढें म्हटलें कीं विषय संपला! परंतु त्या ढिगांतला एखादा मेलेला किडा कागदावर घेऊन उजेडांत पाहण्याची तसदी घेतली, तर घराविषयीं फार महत्त्वाची बातमी कळण्याचा संभव असतो. चारहि पंख सारख्याच लांबीचे, कंबर जाड आणि मिशा मण्यांच्या सरासारख्या सरळ, असा किडा असेल तर ती वाळवी. पुढील पंख लांब, मागील आखूड, कंबर सुतासारखी बारीक आणि मिशा कोपरांत मुडपल्यासारख्या, असा असेल तर ती पंख फुटलेली मुंगी. मुंग्या येऊन गेल्या तर फारसें बिघडत नाहीं. पण वाळवीचे पंख बंद खोलींत, चौकटीच्या फटीशीं सांपडले, तर वाळवी बाहेरून आलेली नसून घरांतच नांदत आहे, असें समजावें.

आज मला आपणांस मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. घरांतील किड्यांचा बंदोबस्त करण्यापूर्वीं त्यांची नीट ओळख करून घ्यावी. न ओळखतां केलेला उपाय बहुधा फुकट जातो. आणि कधीं कधीं तो किड्याऐवजीं घरांतील माणसांनाच भोंवतो.

कोठीपासून आरंभ करूं. तांदळांत पुढें सोंड असलेला, काळपट तपकिरी, ३ ते ४ मिलिमीटर लांबीचा किडा दिसतो; त्याला आपण सोंडा म्हणतों. त्याची मादी दाण्याला सोंडेनें भोंक पाडते, आंत एक अंडें घालते आणि भोंक चिकट द्रव्यानें बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आंतच वाढते, तेथेंच कोश करते, आणि सुमारें महिन्याभरानें नवा सोंडा दाणा फोडून बाहेर येतो. म्हणजे निवडतांना सोंडे दिसले नाहींत म्हणून तांदूळ निर्दोष आहेत, असें होत नाहीं. उन्हांत पसरल्यावर सोंडे पळून जातात, पण ऊन कडक नसेल तर दाण्यांतील अळी जिवंतच राहते.

रव्यांत व पिठांत सांपडणारा तांबूस, चपटा पोरकिडा वेगळा. त्याला सोंड नसते. सबंध दाणा फोडणें त्याला जड जातें, म्हणून तो पीठ, रवा आणि फुटके दाणे यांवर जगतो. तो फार माजला म्हणजे त्याच्या अंगांतून पाझरणाऱ्या द्रव्यानें पिठाला गुलाबी छटा व उग्र दर्प येतो. असें पीठ चाळून वापरण्याचा मोह आवरावा. किडे चाळणींत राहतात, पण तें द्रव्य पिठांतच राहतें.

तिसरा कडधान्यांतील भुंगेरा. मुगाच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यावर खसखशीहून लहान असा पांढरा ठिपका चिकटलेला दिसला, तर तें त्याचें अंडें होय. हा पाहुणा पुष्कळदां शेतांतूनच शेंगेबरोबर घरीं येतो. तेव्हां डबा कितीहि स्वच्छ असला तरी भुंगेरे निघतात, आणि बिचाऱ्या गृहिणीवर अस्वच्छतेचा आळ येतो. त्याला सबंध दाणा लागतो. भरडलेल्या डाळींत त्याचें फारसें चालत नाहीं. कडधान्य भरडून, एरंडेलाचा हात लावून ठेवण्याची आपल्या आजीबाईंची रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध होती. तेलाच्या पातळ थरानें अंडीं गुदमरतात, असें प्रयोगांतीं दिसून आलें आहे.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. झुरळ कोणाला ओळखतां येत नाहीं, असें आपण म्हणाल. पण आपल्या घरांत मुख्यतः दोन जातींचीं झुरळें असतात आणि त्यांचे उपाय निराळे आहेत. तांबूस तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटर लांबीचें मोठें झुरळ गटारांतून व मोरीच्या तोंडांतून वर येतें. त्याला मोरीला बारीक जाळी बसवून अडवितां येतें. फिकट तपकिरी, जेमतेम दीड सेंटिमीटरचें, डोक्यामागें दोन काळ्या उभ्या रेघा असलेलें लहान झुरळ मात्र घरांतलेंच. तें फडताळाच्या बिजागरींत, शेगडीच्या मागें, शीतकपाटाच्या यंत्राच्या उबेंत राहतें. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी पोटाशीं धरून हिंडते. फवाऱ्यानें मोठीं झुरळें मेलीं तरी डबींतील अंडीं बहुधा वांचतात, आणि महिन्याभरांत पुन्हां तोच प्रकार सुरू होतो.

झुरळाचें नुकसान केवळ अन्न नासण्यापुरतें नाहीं. गटारांतील रोगजंतु त्याच्या पायांबरोबर ताटावर येतात, हें आपणांस माहीत आहेच. पण त्याची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात यांचा चुरा हवेंत मिसळून मुलांना दम्याचे झटके येतात, ही गोष्ट पुष्कळ घरांना ठाऊक नसते. औषधाच्या बाटल्या बदलल्या जातात, पथ्यपाणी होतें, आणि दम्याचें एक कारण ओट्याखालीं सुखानें नांदत असतें.

कपाटांतील नुकसान मात्र आपण बहुधा भलत्याच्याच माथीं मारतों. शाल उलगडली असतां भोंक दिसतें आणि त्याच वेळीं एखादा करड्या रंगाचा पतंग उडतो. आपण तो चिरडतों आणि सूड घेतल्याचें समाधान मानतों. पण कपड्याच्या पतंगाला प्रौढपणीं खातांच येत नाहीं. लोकर खाते ती त्याची अळी. आपल्याकडे भिंतीवर, विशेषतः ओलसर कोपऱ्यांत, काकडीच्या बीसारखी चपटी, राखी रंगाची, सेंटिमीटरभर लांबीची पिशवी चिकटलेली दिसते. ती भिंतीची पापुद्री नव्हे. आंत अळी असते, आणि ती दोन्ही तोंडांतून डोकें काढून पिशवी ओढीत चालते. कोळ्याचीं जाळीं, गळलेले केस आणि लोकर हें तिचें खाद्य. लोकरीचे व रेशमी कपडे खाणाऱ्या अळ्यांना स्वच्छ सुती कापडाची फारशी गोडी नसते; पण घामाचा किंवा खरकट्याचा डाग असलेली लोकर त्यांना विशेष रुचते. म्हणून पैठणी किंवा शाल एकदां नेसून अगर पांघरून तशीच घडी करून ठेवूं नये. वारा देऊन, डाग काढून मगच पेटींत घालावी.

पुस्तकांचे शत्रू तर त्यांच्या खुणांवरूनच ओळखावेत. पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा होऊन कागद जागोजाग झिरझिरीत झाला असेल, तर तें काम चंदेरी खवल्यांच्या, शेपटीला तीन धागे असलेल्या कसरीचें. तिला खळ आणि कागद प्रिय. एका पानांतून दुसऱ्या पानांत आरपार जाणारें गोल, स्वच्छ भोंक भुंगेऱ्याच्या अळीचें. बांधणीचें कापड कडेनें कुरतडलेलें असेल तर झुरळाचें. आणि पुठ्ठा धड असून आंत नुसती माती भरलेली असेल, तर वाळवीचें. पुष्कळ घरांत वाडवडिलांच्या हातचें मोडी दफ्तर रुमालांत बांधून माळ्यावर ठेवलेलें असतें. तें वर्षानुवर्षें न सोडणें हा त्याचा मान नव्हे. वर्षांतून दोनदां तरी रुमाल सोडून कागद चाळावेत. नष्ट झालेलें धान्य पुन्हां विकत आणतां येतें. पणजोबांचें पत्र पुन्हां कोण लिहून देणार?

लाकडाच्या बाबतींतहि हाच न्याय. खुर्चीखालीं मैद्यासारखी बारीक पूड पडत असेल तर लाकडाला भुंगा लागला आहे. तेवढा नग उचलून त्याचा इलाज केला कीं भागतें. पण भिंतीवरून चढत गेलेली मातीची बोटाएवढी किंवा त्याहून बारीक नळी दिसली, तर ती जमिनींतील वाळवीची वाट होय. नळी पुसून टाकल्यानें वाळवी जात नाहीं. तिचें मूळ जमिनींत असतें, आणि इलाज तेथेंच करावा लागतो. वाळवीला आपण "पांढरी मुंगी" म्हणतों. परंतु मुंगीशीं तिचें नातें नाहीं. ती झुरळाच्या कुळांतली आहे, असें आतां शास्त्रज्ञांनीं निश्चित ठरविलें आहे.

शेवटीं निजण्याच्या खोलींत येऊं. येथें आपला सर्वांत मोठा राग ढेकणावर असतो, आणि तो चांगली झोंप मोडतो यांत शंका नाहीं. गादीच्या शिवणीवर काळे बारीक डाग दिसले कीं त्याचा मुक्काम तेथें आहे, असें ओळखावें. परंतु ढेकूण माणसाला रोग देतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. रोग देतो तो डांस. आणि त्याच्याकडे मात्र आपण नुसता हात झटकून दुर्लक्ष करतों. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डांस डेंग्यूचा. भिंतीवर शेपटी वर उचलून तिरपा बसणारा हिंवतापाचा. भिंतीशीं समांतर बसणारा, घाण पाण्यांत वाढणारा डांस हत्तीरोगाचा. पहिला फुलदाणींत, कुंडीखालच्या ताटलींत, शीतकपाटाच्या मागील तबकांत वाढतो. मुंबईंतील हिंवतापाचा डांस विहिरींत व गच्चीवरील उघड्या टाक्यांत वाढतो. अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस लागतात. तेव्हां आठवड्यांतून एक दिवस भांडीं कोरडीं केलीं आणि टाकीचें झांकण घट्ट बसविलें, तर पुष्कळसें काम होतें.

ओळख पटण्यापूर्वीं घाईनें केलेल्या उपायांचा सर्वांत कटु अनुभव आपल्याच प्रांतानें घेतलेला आहे. इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला. तो कसा पसरतो हें कोणालाच ठाऊक नव्हतें. दूषित हवेवर, जमिनीवर, धान्यावर, माणसाच्या स्पर्शावर संशय घेण्यांत आला. घरें औषधी पाण्यानें धुतलीं, सामान जाळलें, आणि पुण्यास १८९७ सालीं घराघरांत सोजीर शिरून झडत्या झाल्या. त्यांतून जो क्षोभ माजला त्याचा इतिहास सर्वांस माहीत आहे. आणि खरा अपराधी कोण? उंदराच्या अंगावरील एक पिसू! पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं कराचींत प्रयोग करून तें दाखविलें. पण त्याचें म्हणणें कित्येक वर्षें कोणी मनावर घेतलें नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत झालेल्या प्रयोगांनंतर तें सर्वमान्य झालें. माणसांच्या चुली विझविल्या गेल्या, आणि पिसू मात्र उंदराबरोबर शेजारच्या घरीं गेली.

आज तशी सक्ती नाहीं. पण तीच घाई आपल्या घरांत निराळ्या रूपानें शिरली आहे. धान्य टिकविण्यासाठीं कोणी डब्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवितात. दमट हवेशीं संयोग होतांच त्यांतून फॉस्फिन नांवाचा जहरी वायु निघतो. त्यावर हुकमी उतारा नाहीं, आणि बंद खोलींत निजलेल्या माणसांचे प्राण त्यानें घेतलेले आहेत. ह्या गोळ्या गोदामांतील तज्ज्ञांसाठीं आहेत. राहत्या घरांत त्या आणूंच नयेत. कांहीं घरांत तांदळाला बोरिक पावडर चोळतात; तीहि पोटांत जाण्याजोगी वस्तु नव्हे. साध्या डांबराच्या गोळ्यांविषयींहि सावध असावें. कांहीं मुलांच्या रक्तांत जन्मतःच एक द्रव्य उणें असतें. अशा तान्ह्या बाळाला त्या गोळ्यांत ठेवलेलें झबलें तसेंच घातलें, तर रक्तांतील तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊं शकते. पेटींतून काढलेले बाळाचे कपडे धुऊन, उन्हांत वाळवूनच वापरावेत.

दोन आण्यांच्या सोंड्यासाठीं लाखमोलाचा जीव धोक्यांत घालणें हा कोठला हिशेब? सोंडे झाले तर धान्य थोडें थोडें आणावें, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें, किंवा शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत चार-पांच दिवस ठेवून मग डब्यांत भरावें. झुरळें झालीं तर रात्रीं ओटा व मोरी कोरडी ठेवून फटी बुजवाव्या. वाळवी असेल तर मात्र जाणत्या माणसाला बोलावावें आणि त्यानें कोणतें औषध घातलें तें विचारून ठेवावें.

श्रोतेहो, घरांत नवा किडा दिसला कीं प्रथम चप्पल उचलूं नका. एका लहान बाटलींत तो धरून ठेवा, उजेडांत न्या, आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा : हा कोण? हा काय खातो? ह्याचीं पिलें कोठें आहेत? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें कीं निम्मा उपाय झालाच, असें समजा. मुलांनाहि ह्या कामांत बरोबर घ्या. हे बिऱ्हाडकरू भाडें देत नाहींत, आणि नोटीस दिल्यानें जातहि नाहींत. पण त्यांचा खरा पत्ता हातीं आला, म्हणजे त्यांना घराबाहेर काढण्यासाठीं घरांत विष आणण्याची पाळी बहुधा येत नाहीं.