मेक्सिकोतलं बिऱ्हाड

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या मेळाव्यात, जानेवारी २०२६ मध्ये केलेलं भाषण)



समितीने फोनवर सांगितलं, "तू मेक्सिकोबद्दल बोल. समुद्रावर बसून लॅपटॉपवर काम करतेस ना, त्यावर." तर आधीच सांगते, समुद्रावर बसून लॅपटॉपवर काम करता येत नाही. उन्हात पडद्यावरचं काही दिसत नाही, कीबोर्डमध्ये वाळू जाते आणि खारा वारा चार्जिंगची भोकं गंजवून टाकतो. श्रीवर्धनच्या माणसाला हे समजवायला नको. आपल्या खिडक्यांच्या गजांचं काय होतं ते आपण लहानपणापासून बघतोय. मी काम करते ती खोली घराच्या मागच्या बाजूला आहे, आणि तिच्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते.

आमचं गाव पुएर्तो मोरेलोस. मेक्सिकोच्या पूर्व टोकाला युकातान द्वीपकल्प आहे, त्याच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, कानकुनच्या थोडं दक्षिणेला. भूगोलाच्या सरांसाठी सांगते, आपल्या धुळ्याच्या अक्षांशावर. म्हणजे ऊन ओळखीचं, दमट हवा ओळखीची, नारळ ओळखीचे. किनाऱ्यासमोर प्रवाळाची लांब रांग आहे, तिला १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. धक्क्याजवळ एक कललेलं दीपगृह आहे. १९६७ च्या ब्यूला वादळाने ते वाकवलं. गावाने ते पाडलं नाही, शेजारी नवं बांधलं. एकेकाळी या बंदरातून चिकल, म्हणजे चुइंगगमसाठी लागणारा चिकूच्या झाडाचा चीक, बाहेर जायचा. आपला चिकू मूळचा त्या भागातला. पेरू, सीताफळ, मिरची आणि दसऱ्याचा झेंडूही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले. हे कळल्यावर आई म्हणाली, "म्हणजे माहेरीच गेलीस की!"

लोणेऱ्याहून इंजिनिअर होऊन मी पुण्याला, तिथून अमेरिकेत टेक्सासला गेले, हे बहुतेकांना माहीत आहे. पंधरा वर्षं तिथे राहिलो, नागरिकत्वही घेतलं. २०२० मध्ये ऑफिस घरात आलं ते परत गेलंच नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये नाना गेले आणि मला येता आलं नाही. त्यानंतर वर्षभर मी आणि नवरा एकच गोष्ट बोलत होतो, की नोकरी जर एका खोलीत मावते, तर ती खोली कुठे असावी?

मग इथेच का नाही आलीस, असं काल रात्रीपासून मला निदान दहा जणांनी विचारलं. उत्तर घड्याळात आहे. माझी टीम टेक्सासच्या वेळेने नऊ ते पाच काम करते. हिवाळ्यात ते आपल्याकडचे रात्री साडेआठ ते पहाटे साडेचार होतात. महिनाभर जमेल, सगळं आयुष्य असं जगता येत नाही. मुलं शाळेतून येणार तेव्हा मी झोपलेली आणि ती झोपणार तेव्हा मी कामावर. पुएर्तो मोरेलोस ज्या राज्यात आहे, त्याने २०१५ मध्ये आपली वेळ बदलून घेतली आणि वर्षभर ती तीच ठेवली. त्यामुळे उन्हाळ्यात माझं घड्याळ टीमबरोबर चालतं, हिवाळ्यात फक्त तासाचा फरक पडतो. सकाळी आठ वाजता मी चहा घेऊन बसते तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा असतात. आईने दिवा लावलेला असतो. रोज बोलणं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण तिघांनी मला त्याबद्दल मेसेज केलेत. पर्यटक म्हणून जाऊन तिथेच राहून टाकायचं असं करू नका. तात्पुरत्या निवासाचा व्हिसा मेक्सिकोच्या बाहेरच, त्यांच्या वकिलातीत घ्यावा लागतो. उत्पन्न बाहेरून येतं हे बँकेच्या उताऱ्यांनी दाखवायचं. देशात शिरल्यावर ३० दिवसांत तिथल्या कार्यालयात तो देऊन कार्ड घ्यायचं. पहिलं कार्ड एक वर्षाचं, नंतर वाढवत एकूण चार वर्षं. कुटुंबासाठी विवाहाचा दाखला लागतो. आमचा दाखला नगरपरिषदेचा. तो मंत्रालयात गेला, मग शिक्क्यासाठी दिल्लीला गेला, मग स्पॅनिशमध्ये भाषांतर झाला. लग्नाला एवढी धावपळ झाली नव्हती. कंपनीची लेखी परवानगी घ्या आणि कराचा सल्लागार आधी गाठा. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहिला तरी अमेरिकेला विवरणपत्र भरतो, आणि घर मेक्सिकोत असेल तर मेक्सिकोचंही बघावं लागतं.

स्वस्त पडतं का, हा पुढचा प्रश्न. २०२२ च्या जुलैमध्ये आम्ही गेलो तेव्हा डॉलरला सुमारे २० पेसो मिळत होते. पुढच्या उन्हाळ्यात १७ सुद्धा मिळेनात. पगार तोच, पण भाडं पेसोत. शिवाय नवऱ्याची नोकरी हार्डवेअरची, ती घरून होणारी नव्हती. त्याने ती सोडली. आमच्या कार्डांवर तिथे स्थानिक नोकरी करायची तर वेगळी परवानगी लागते, म्हणून तो घर बघतो. आमच्या नात्यात याची बरीच चर्चा झाली. "जावई काय करतात?" याला आई आता सरळ "स्वयंपाक" म्हणते. खरं तर आमच्या घरात पहिलं स्पॅनिश त्याला आलं, बाजारात आणि गॅसच्या गाडीमागे धावून. माझं स्पॅनिश अजूनही व्याकरणाच्या वहीतलं आहे. आपल्यासारखंच तिथे 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना निदान नीट हाक मारता येते.

वीज जाते. इंटरनेट दोन कंपन्यांचं ठेवावं लागतं आणि इन्व्हर्टर तर हवाच. माझं काम बँकांच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरचं आहे, रात्री-अपरात्री फोन येतो, तेव्हा 'आमच्याकडे लाइट नाही' हे टेक्सासमध्ये कुणी ऐकून घेत नाही. एसी मनसोक्त लावला आणि वर्षाची सरासरी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की विजेची सवलत जाते आणि बिल बघून घाम फुटतो. उन्हाळ्यात सारगासो येतं. हे तपकिरी समुद्री शेवाळ २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर ढिगांनी यायला लागलं. कुजलं की सडक्या अंड्याचा वास, आणि तो वायू तांब्याला काळं करतो. जाहिरातीतला निळा समुद्र असतो, पण त्याच्याआधी गुडघाभर शेवाळ असतं.

मुलांची शाळा हा खरा जिवाचा प्रश्न होता. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी साडेपाचची. इंग्रजी शाळा होत्या, महाग होत्या, आणि तिथली निम्मी मुलं वर्षाअखेर दुसऱ्या देशात जायची. आम्ही दोघांना गावातल्या सरकारी शाळेत घातलं. पहिले चार महिने मुलगा घरी येऊन बोलायचा नाही. कोणत्याच भाषेत नाही. मी मीटिंगमध्ये असायची आणि दाराबाहेर त्याचं दप्तर आपटल्याचा आवाज यायचा, त्यावरून दिवस कसा गेला ते कळायचं. पुढे एका दुपारी दप्तराचा आवाज आलाच नाही. तो परस्पर फुटबॉल खेळायला गेला होता.

त्या शाळेत दर सोमवारी झेंड्याला मानवंदना असते. गणवेश, रांगा, ताठ उभं राहणं, मधेच एखाद्याला घेरी येणं, सगळं आपल्यासारखंच. १५ मे हा त्यांचा शिक्षक दिन. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते आपल्या गेलेल्या माणसांना जेवायला बोलावतात. माया लोक त्याला हानाल पिक्सान म्हणतात, म्हणजे आत्म्यांचं जेवण. झेंडूच्या फुलांनी वेदी सजवतात, फोटो ठेवतात, त्या माणसाच्या आवडीचं ताट वाढतात. पितृपक्षच म्हणा, फक्त कावळ्याची वाट बघत नाहीत. मुलगी दुसरीत असताना शाळेतल्या वेदीसाठी नानांचा फोटो घेऊन गेली, आणि मला न विचारता त्यांचा अडकित्ताही. बाईंनी विचारलं, हे काय? तिने वर्गाला सुपारी, पान, चुना सगळं समजावून सांगितलं. चुना म्हटल्यावर पोरांना लगेच कळलं, कारण तिथे मका चुन्याच्या पाण्यात उकडल्याशिवाय भाकरीचं पीठ होत नाही. नानांचं तेरावं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. त्यांच्यासाठी फूल वाहायला मला पहिल्यांदा जागा मिळाली ती त्या वर्गात.

आता जे बोलायचं म्हणून मी आले, ते बोलते.

आमचं पहिलं घर धक्क्यापासून पाच मिनिटांवर होतं. एकाच आवारात दोन बिऱ्हाडं. शेजारी एक बाई खानावळ चालवायच्या. काळ्या घेवड्याची उसळ, भात, मासे. बंदरावरचे खलाशी आणि हॉटेलांतली मुलं तिथे जेवायची. २०२४ च्या जुलैमध्ये बेरिल वादळ आलं तेव्हा आमच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या त्यांच्या मुलांनी. वादळ खाली तुलुमजवळ धडकलं, आम्ही वाचलो. त्या रात्री आम्ही सगळे त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, आणि मी त्यांना ३ जून २०२० चं निसर्ग वादळ सांगत होते, आमच्या वाडीतल्या पोफळी कशा एका दुपारीत आडव्या झाल्या ते.

त्याच वर्षाच्या अखेरीस मालकाने त्यांना जागा सोडायला सांगितलं. ती खोली त्याला पर्यटकांना दिवसाच्या हिशोबाने द्यायची होती. आधी त्याने आम्हाला विचारलं, तुम्हीच घेता का, ऑफिस होईल. बाई देत होत्या त्याच्या अडीचपट भाडं सांगितलं. आम्हाला ते परवडलं असतं, आणि हेच मला बोचत राहिलं. आम्ही नाही म्हणालो, म्हणून काही त्यांचं घर वाचलं नाही. त्या महामार्गाच्या पलीकडे गेल्या. पुएर्तो मोरेलोस हे महामार्गाने तोडलेलं गाव आहे. अलीकडे समुद्र, हॉटेलं आणि आमच्यासारखी माणसं. मधे खारफुटी. पलीकडे वसाहत, आणि गाव चालवणारे बहुतेक लोक तिथे राहतात.

गेल्या वर्षी आम्हीही पलीकडे राहायला गेलो. शाळा जवळ, खानावळ जवळ, समुद्र सायकलवर. मला हे बरं वाटत होतं, तेवढ्यात नवरा म्हणाला, "आता इकडचं भाडंही आपणच वाढवणार." तो चेष्टा करत नव्हता.

मेक्सिकोच्या राज्यघटनेत असं आहे की किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमीन थेट नावावर करता येत नाही. मग बँकेच्या विश्वस्त व्यवस्थेतून घेतात. आपल्याकडेही शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, आणि त्यातून लोक कशा वाटा काढतात ते इथे बसलेल्या निम्म्या लोकांना माझ्याहून जास्त माहीत आहे. दिवेआगरपासून इथपर्यंत कुठल्या वाडीचं काय झालं, हे काल जेवताना आपण एकमेकांना सांगतच होतो.

आमच्या वाडीलाही गिऱ्हाईक आलंय. निसर्गनंतर दादाने पुन्हा पोफळी लावल्या. त्या धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे आत्ता कुठे पहिला रोठा हातात येणार. गिऱ्हाईक पुण्याचं, आयटीतलं, नवरा-बायको दोघं घरून काम करतात. समुद्राजवळ राहायचंय, पैसे रोख आहेत. दादा मला फोनवर म्हणाला, "अगं, तुझ्यासारखाच आहे. पहिला प्रश्न इंटरनेटचा विचारला." सातबारावर माझंही नाव आहे, सही लागेल.

मी दादाला विचारलं, त्यांना मुलं आहेत का? आहेत, दोन. शाळेचं काय? म्हणे, ऑनलाइन. आपल्या शाळेचा पट किती उरलाय ते सकाळी बाईंनी व्यासपीठावरून सांगितलंच.

वाडी दादा राखतो, त्यामुळे विकायची की नाही हे त्याने ठरवायचं. तो म्हणेल तिथे मी सही करीन. माझं मत त्याला सांगितलंय, वाडी विकू नये, मागचं घर भाड्याने द्यावं, आणि भाडं गावातल्या माणसाला देता येईल तेवढंच घ्यावं. आमचं मेक्सिकोचं कार्ड या जुलैमध्ये चार वर्षांचं होतं, कायमच्या निवासाचा अर्ज करायचा की नाही ते आम्हालाही ठरवायचंय. मुलगा राहू म्हणतो. आई काही म्हणत नाही, म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल.

ते पुण्याचे गृहस्थ परवा सकाळी पुन्हा वाडी बघायला येणार आहेत, मुलांना घेऊन. दादाने मला थांबायला सांगितलंय. मुख्याध्यापकांना मी आत्ताच विचारून ठेवलंय, की परवा प्रार्थनेच्या वेळी आम्ही पाहुण्यांना घेऊन शाळेत आलो तर चालेल का. ते हो म्हणालेत.