वनौषधी मलमाची कसोटी



कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत भट्टी आणि वाफ यांच्या सान्निध्यात राबणाऱ्यांना भाजण्याचे भय नित्याचेच. त्यावर घरोघरी कोरफड, हळद किंवा एखादे वनौषधी मलम योजले जाते. ‘मला गुण आला’ ही साक्ष मात्र पुरावा ठरत नाही. कारण वरवर भाजलेली त्वचा बहुधा दोन आठवड्यांत आपोआपच भरून येते. गुण मलमाचा की निसर्गाचा, हे तुलनेनेच कळते.

अशी तुलना शेजारच्या सोलापुरात झाली. डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ रुग्णांचे दोन समान गट केले. एकास मधाची, तर दुसऱ्यास सिल्व्हर सल्फाडायझिन या प्रचलित औषधाची पट्टी बांधली. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : १५ दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के, तर दुसऱ्या गटातील १० टक्के जखमा भरून आल्या.

मध आपल्या आचारात त्याज्य मानला आहे. म्हणूनच वनस्पतिजन्य पर्यायाचा आग्रह धरणाऱ्या आपण त्याचीही तितकीच कठोर परीक्षा मागितली पाहिजे. रुग्णाची संमती, समान गट आणि अपयशाचीही प्रामाणिक नोंद, ही तिची अंगे होत. निष्फळ मलमाच्या भरवशावर जखम चिघळू देणे, हीसुद्धा हिंसाच आहे.

भाजताच मलम शोधू नये. वीस मिनिटे वाहते थंड पाणी, मग स्वच्छ कापड आणि मोठ्या जखमेस तत्काळ रुग्णालय, एवढे स्मरणात ठेवावे, ही विनंती करून मी थांबतो.

जय जिनेंद्र!