अबोल, पण अजाण नव्हे

गुलमंडीच्या गर्दीत एखादा तरुण कानांवर घट्ट हात ठेवून उभा दिसला, की लोक पटकन म्हणतात, ‘याला काही कळत नाही.’ ऑटिझमला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. शब्द गोड आहे, पण फसवा. न बोलणारा माणूस स्वतःतच बुडालेला असतो, असं त्यातून वाटत राहतं.

खरं तर समजणं आणि बोलणं ही मेंदूची वेगवेगळी कामं. शब्द उच्चारायचा तर श्वास, जीभ, ओठ यांचा मेळ बसावा लागतो. काहींचं तिथेच अडतं.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१५ साली, जवळपास न बोलणाऱ्या ३० स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीची बुद्धिमत्ता चाचणी एकालाही पूर्ण करता आली नाही. नक्षीतला हरवलेला तुकडा ओळखायची चाचणी मात्र २६ जणांनी पूर्ण केली. आकलनाच्या अडचणी काहींना असतातच; पण मोजपट्टी चुकली, तर माणूसही चुकीचा मोजला जातो.

हीच मुलं मोठी होतात. ‘आमच्यामागे याचं कोण?’ ही आईबापांची काळजी. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं अठरा वर्षांनंतरही पालक नेमता येतो. पण पालक आला म्हणून त्या माणसाला विचारणं संपू नये. भाकरी की भात? दोन्ही समोर ठेवा आणि थांबा. उत्तर बोटानं येईल, नजरेनं येईल. कधी तो पाठ फिरवील. तेही उत्तरच असतं.