समेची वाट पाहणारी पेन्सिल



डिसेंबर महिना, पुण्यातली संध्याकाळ आणि सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा भरलेला मांडव. शाली, मफलर, कानटोप्या. मंचावर तानपुरे जुळवण्याचं काम चाललेलं. भारतीय बैठकीच्या कडेला, येण्याजाण्याच्या वाटेला लागून, एखादा तरी श्रोता असा दिसतोच की ज्याच्या मांडीवर वीतभर वही आणि हातात मऊ शिशाची पेन्सिल असते. गायकाने षड्ज लावला की त्याचा हात कागदावर फिरू लागतो. शेजारचे लोक आधी चोरून बघतात, मग उघड बघतात आणि थोड्या वेळाने त्याला विसरून गाण्यात बुडतात.

पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मरणार्थ 1953 साली हा महोत्सव सुरू केला. रमणबागेच्या मैदानावर तो वर्षानुवर्षं गाजला आणि पुढे मुकुंदनगरला गेला. इतक्या वर्षांत तिथे जे घडलं त्यातलं बरंचसं ध्वनिमुद्रणांत आहे. सतीश पाकणीकर यांच्यासारख्या प्रकाशचित्रकारांनी कितीतरी कलावंतांच्या मुद्रा टिपून ठेवल्या आहेत. श्रोत्यांमध्ये बसून भरलेल्या वह्या मात्र घरोघरच्या कपाटांत पडून आहेत. त्यांची मोजदाद कुणी केलेली नाही. ती व्हायला हवी, कारण या वह्यांमध्ये गाण्याची एक वेगळीच नोंद असते.

गाणारा माणूस क्षणभर स्थिर नसतो, मग त्याचं चित्र काढायचं कसं? याचं उत्तर तालात आहे. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा. लय खूपच संथ असेल तर एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. या मिनिटात गायकाचा हात हवेत कुठे कुठे फिरून येतो, मान वळते, डोळे मिटतात. पण मुखडा घेऊन समेवर येताना तो पुष्कळदा त्याच ठिकाणी, त्याच ढंगाने येतो. हात खाली येतो, मान झुकते, तबलजीकडे एक नजर जाते. रेखाटणाऱ्याला पहिल्या आवर्तनात कोपराचा कोन सापडला आणि बोटं निसटली, तर तो रेघ तिथेच मोकळी सोडतो. पुढच्या समेला बोटं परत येणार असतात. शेजारचा रसिक ज्या उत्कंठेने समेची वाट पाहतो, त्याच उत्कंठेने हाही पाहत असतो. अशी चार-सहा आवर्तनं गेली की कागदावर जी मुद्रा उमटते ती कुठल्या एका क्षणाची नसते. अख्खा बडा ख्याल तिच्यात मुरलेला असतो.

शिकणाऱ्याने मात्र गायकापासून सुरुवात करू नये. त्याने आधी मागे तानपुऱ्याला बसलेल्या शिष्याकडे बघावं. तो जवळजवळ निश्चल असतो. फक्त बोटं हलतात, तीही एका ठरलेल्या क्रमाने. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. ही हालचाल मैफलभर तशीच चालू राहते, त्यामुळे ती कागदावर उतरवायला हवा तेवढा वेळ मिळतो. तानपुऱ्याचा आकारही एकदा नीट पाहून घ्यावा. नवशिक्याच्या चित्रात भोपळ्याचा माठ होतो आणि दांडीची काठी. खरा तानपुरा पाहिला की कळतं, दांडी रुंद आणि भरदार असते, तबलीला हलकासा फुगवटा असतो, वरच्या चार खुंट्यांपैकी दोन समोर आणि दोन्ही बाजूंना एकेक असते. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला हा आकार आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या हातांनी हे वाद्य इतकं निगुतीने घडवलं, त्यांच्या कामाचा मान म्हणून तरी ते चित्रात बरोबर यायला हवं.

द्रुत सुरू झाली की तबल्यावरची बोटं दिसेनाशी होतात. तिथे पाच बोटं मोजून काढायला जाणारा फसतो. अनुभवी माणूस मनगटाची उंची पकडतो, खांद्याची लय पकडतो. उस्ताद झाकीर हुसेन यांचं रेखाटन करणारे केसांपासून सुरुवात करत, कारण त्यांच्या लयीचा झोत त्या उडणाऱ्या कुरळ्या बटांमध्ये उघड दिसे. किशोरीताई आमोणकरांच्या चित्रात मांडीवरचं स्वरमंडल आणि मिटलेले डोळे आले की अर्धं काम झालं. भीमसेनजींचं मात्र सगळं शरीरच गात असे. तान घेताना हात, खांदे, जबडा सगळं तिच्यामागे धावे. त्यांच्यासाठी बारीक टोकाची पेन्सिल उपयोगाची नाही, जाड कोळसाच हवा.

प्रत्यक्ष मैफलीत काढलेल्या चित्राचं मोल किती असतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. 1831 साली निकोलो पागानिनी हा व्हायोलिनचा जादूगार लंडनच्या किंग्ज थिएटरमध्ये पहिल्यांदा वाजवायला उभा राहिला. डॅनियल मॅक्लिस हा तरुण आयरिश चित्रकार तेव्हा पंचविशीत होता. त्याने पागानिनीचं वादन चित्रात पकडलं, आणि त्याच्या छापील प्रती लोकांच्या हाती गेल्या. छायाचित्रणाचा शोध जगापुढे यायला अजून आठ वर्षं होती. पागानिनीचं म्हणून एक छायाचित्र नंतर फिरत राहिलं, पण ते बनावट ठरलं. आज तो माणूस व्हायोलिन घेऊन कसा उभा राहायचा हे डोळ्यांपुढे आणायचं तर मॅक्लिससारख्यांच्या रेघांकडेच जावं लागतं.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं, आणि ते जरा सविस्तर सांगायला हवं. अल हिर्शफेल्ड हा तरुण 1926 साली एक नाटक बघायला गेला. मंचावर साशा गित्री हा फ्रेंच नट होता. हिर्शफेल्डने हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवरच त्याचं चित्र काढलं. सोबतचा मित्र नाटकांच्या प्रसिद्धीचं काम करायचा. तो म्हणाला, हेच एका स्वच्छ कागदावर काढून दे. ते चित्र वर्तमानपत्रात छापून आलं आणि पुढची पंच्याहत्तरहून अधिक वर्षं हिर्शफेल्ड ब्रॉडवेची नाटकं रेखाटत राहिला. नाट्यगृहात काळोख असतो, म्हणून कागदाकडे न बघता काढायची सवय त्याने हाताला लावली. कोटाच्या खिशात छोटी वही, खिशातच पेन्सिल, आणि तिथल्या तिथे खुणा. घरी आल्यावर, न्हाव्याच्या जुन्या खुर्चीत बसून, त्या खुणांवरून तो शाईचं पक्कं चित्र करी. 1945 साली मुलगी झाल्यावर तिचं नीना हे नाव तो कपड्यांच्या चुण्यांत, केसांच्या वळणांत लपवू लागला आणि वाचक ते शोधत बसू लागले. 2003 च्या जानेवारीत, शंभरीला थोडे महिने उरले असताना, तो गेला. त्याच वर्षी ब्रॉडवेवरच्या एका नाट्यगृहाला त्याचं नाव दिलं गेलं. आयुष्यभर प्रेक्षकांत बसलेल्या माणसाचं नाव नाट्यगृहाच्या दारावर लागावं, हा त्या शहराचा मोठेपणा आहे.

काळोखात काढणं हे शेवटी स्मरणाचं काम आहे. इंग्लंडमध्ये 1925 च्या कायद्याने न्यायालयात छायाचित्र घ्यायला आणि चित्र काढायलाही बंदी आहे. तिथले चित्रकार खटला चालू असताना नुसतं बघतात, शब्दांत टिपणं करतात, आणि बाहेर येऊन आठवणीतून चित्र उभं करतात. महाराष्ट्रातल्या मुलांना हे अगदीच अपरिचित नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने स्मरणचित्राचा पेपर दिलेला असतो. पाहिलेली माणसं आणि प्रसंग आठवून कागदावर मांडायचे. पुष्कळांच्या बाबतीत परीक्षा संपली की ती सवयही संपते. मैफलीतली वही म्हणजे तोच पेपर पुन्हा हाती घेणं. फक्त इथे वेळ संपल्याची घंटा होत नाही.

व्याख्यानाचं रेखाटन त्याहून अवघड. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला घ्या किंवा गावोगावच्या व्याख्यानमाला घ्या. वक्त्याला ताल नसतो, सम नसते. पण सवयी असतात. एक वक्ता मुद्दा संपला की चष्मा काढतो, दुसरा दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा धरतो, तिसऱ्याची तर्जनी प्रत्येक आकड्यासरशी वर जाते. पहिली दहा मिनिटं पेन्सिल खाली ठेवून या सवयी ओळखाव्यात आणि मगच काढायला घ्यावं. चित्राशेजारी भाषणातला एखादा मुद्दा लिहून ठेवला, तर वर्षभराने पान उघडल्यावर त्या वक्त्याचा आवाजही आठवतो.

या कामाला एक रीत आहे आणि ती पाळायलाच हवी. मोबाइलचा दिवा लावायचा नाही. वही लहान हवी, कोपर शेजाऱ्याला लागता कामा नये. कागद असा निवडावा की पान उलटताना आवाज होणार नाही. खोडरबर घरी ठेवावं. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढावी. आलापी चालू असताना करकरणारा बोरू वापरणं हा सरळ अपराध आहे. आणि गाणं इतकं रंगलं की हात थांबला, तर थांबू द्यावा. अर्धवट राहिलेलं पानही त्या रात्रीबद्दल खरंच बोलतं.

अमेरिकेत सिअ‍ॅटलला राहणारे स्पॅनिश पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कँपनारिओ यांनी 2007 साली अर्बन स्केचर्स ही चळवळ सुरू केली. जागेवर बसून, समोर दिसेल तेच काढायचं, हा तिचा मुख्य नियम. आज जगभरच्या शहरांत तिच्या शाखा आहेत. पुण्या-मुंबईतही मंडळी सुट्टीच्या दिवशी वह्या घेऊन वाड्यांपुढे, मंडईत, घाटांवर बसलेली दिसतात. त्यांनी आता सभागृहांतही यावं. आयोजकांनी त्यांना कडेच्या चार-दोन जागा आनंदाने द्याव्यात. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

कार्यक्रम संपल्यावर पुष्कळ रेखाटनकार वही घेऊन मंचाशी जातात आणि कलाकाराची सही घेतात. जरूर घ्यावी. पण श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी पुढच्या मैफलीला वही नेणार असाल, तर एक विनंती आहे. पानाच्या तळाशी तारीख, ठिकाण आणि राग लिहा. तबला आणि पेटी कुणाची होती ते लिहा. आणि मागे तानपुऱ्यावर कोण बसलं होतं, त्या दोघांची नावं विचारून घ्या आणि तीही लिहा. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ती पुष्कळदा नसतात.