सुभद्रेची झोप

अभिमन्यूने चक्रव्यूहाचा भेद मातेच्या उदरात असतानाच ऐकला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. सुभद्रेला मध्येच झोप लागली आणि त्याचे ज्ञान अपुरे राहिले, असेही सांगतात. झोपेचा दोष मातेवर येतो. तिच्या थकव्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही.

गर्भवतींच्या शिक्षणवर्गांतही पुष्कळदा असेच घडते. आहार, व्यायाम, स्तनपान हे सारे शिकविले जाते. बाळंतिणीच्या मनाचा विषय राहून जातो. प्रसूतीनंतर काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. परंतु उदासी त्यापुढेही टिकली, झोप-भूक हरपली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली, तर तो आजार समजावा. तो उपचारांनी बरा होतो. जीव नकोसा वाटू लागल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. भारतातील अनेक पाहण्या एकत्र करून २०१७ साली काढलेल्या अनुमानानुसार सुमारे २२ टक्के मातांना हा आजार जडतो.

त्याचा प्राथमिक अंदाज घेण्यास यंत्र लागत नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिंबरो प्रश्नावली अवघ्या १० प्रश्नांची आहे. रुग्णालयातून घरी आलेल्या बाळंतिणीकडे आशा सेविकेने ४२ दिवसांत ६ भेटी द्याव्यात, अशी योजना आहे. बाळाचे वजन पाहतानाच आईच्या मनाचीही चौकशी व्हावी.

हा पाठ पतीने आणि सासूनेही ऐकला पाहिजे. कारण ‘सुखाच्या वेळी रडू नये’ असे तिला बजावणारी माणसे घरातलीच असतात. डिंकाच्या लाडवांइतकीच बाळंतिणीला निवांत झोपेची गरज असते.